बुटांची तोंडं रस्त्याकडे

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही, हे आधीच सांगून टाकते. 'नव्हता' असं नाही म्हणत मी. नाही. अजूनही नाही. मी भुसावळच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये वाढले. तिथे दर दुसऱ्या घरात कुणीतरी यार्डात पांढऱ्या साडीतली बाई पाहिलेली असायची, आणि ती बाई नेमकी पार्टी करून परतणाऱ्यांनाच दिसायची. पुढे सगळी नोकरी मेडिकल लॅबमध्ये केली. रक्त, लघवी, मायक्रोस्कोप... स्लाइडवर दिसतं ते आहे, दिसत नाही ते नाही. मग हे लिहायचं कारण काय? कारण इथे कॅनडात, व्हँकूवरशेजारच्या कोक्विटलामला, आमच्या मराठी मंडळींत मी ही गोष्ट एकदा चहा पिता पिता सांगितली, आणि पुढच्या गणपतीपर्यंत तिच्यात घोडा, कंदील आणि रक्ताचे ठसे आले होते. म्हटलं, त्यापेक्षा आपणच जे झालं तेवढंच लिहून टाकावं.

आधी जागा सांगते. दक्षिण ब्रिटिश कोलंबिया, अमेरिकेच्या बॉर्डरपासून फार लांब नाही. चहूकडे डोंगर आणि डोंगरभर जंगल. अभयचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, व्हँकूवरमधला जॉब गेला आणि त्या भागातल्या एका सॉमिलमध्ये, लाकूड कापायच्या कारखान्यात, मशीन्सची कंप्युटर सिस्टीम सांभाळायचं काम मिळालं. मलाही जवळच्या गावातल्या लॅबमध्ये नोकरी लागली. मुलगी सस्काटूनला युनिव्हर्सिटीत. दोघंच तर होतो, म्हटलं चला. घर भाड्याने मिळालं ते ऑल्डर सायडिंग नावाच्या वस्तीत. एक गॅस स्टेशन, त्यातच ग्रोसरी आणि पोस्ट, एक बंद पडलेलं चर्च, आणि एका ओळीत जुनी लाकडी घरं. झालं गाव. कोथिंबीर मागितली तर दुकानदार मला पार्सली दाखवायचा, आणि मी नाही म्हटलं की त्यालाच वाईट वाटायचं.

ती घरं एका लाकूड कंपनीने बांधलेली. डोंगरावर झाडं तोडायचा कॅम्प, खाली मिल, आणि मध्ये कंपनीची स्वतःची छोटी रेल्वे. ओंडके त्याच गाडीने खाली यायचे आणि माणसंही त्याच गाडीने. मग कंपनी बुडाली, मिल बंद पडली, रूळ उखडून भंगारात गेले. आता घरांच्या मागून रुळांची नुसती वाट राहिली आहे. लोक तिच्यावर कुत्री फिरवतात. पुढे दरीत पुलाचे लाकडी खांब उभे आहेत, वर पूल नाही. आमच्या ओळीला अजून 'इंजिन रो' म्हणायचे, कारण तिथे ड्रायव्हर आणि फायरमन राहत. मला तर हसूच आलं होतं. रेल्वे क्वार्टर्समधून सुटायला सातासमुद्रापार आले आणि नशिबात पुन्हा रेल्वे क्वार्टर्सच.

2012 च्या सप्टेंबरात बाबा आले, सुपर व्हिसावर, म्हणजे आईवडिलांना मुलांकडे लांब मुक्काम करता येतो त्या व्हिसावर. माझे वडील मालगाडीचे ड्रायव्हर. वाफेच्या इंजिनावर फायरमन म्हणून लागले आणि रिटायर झाले तेव्हा इलेक्ट्रिक चालवत होते. उंच, सडसडीत, बारा महिने गळ्यात मफलर, आणि बोलणं असं की शब्दाला भाडं पडतंय. त्या वर्षी भुसावळच्या घरात बाथरूममध्ये घसरून पडले, आणि शेजाऱ्यांचा फोन मला आला. मी म्हटलं, आता पुरे. एकटं राहायचं नाही.

आल्या दिवशीच आमचं वाजलं. मी त्यांच्यासाठी चांगले लोकर लावलेले विंटर बूट आणून ठेवले होते. त्यांनी त्यांना हातसुद्धा लावला नाही. बॅगेतून स्वतःचे ड्यूटीचे बूट काढले. काळे, जाड चामड्याचे, कितीदा तळवे बदललेले, आणि पॉलिश असं की तोंड दिसावं. ते त्यांनी बाहेर व्हरांड्यात दारापाशी ठेवले. टाचा दाराकडे, तोंडं रस्त्याकडे. मी सांगितलं, बाबा, इथे बूट आत काढतात, दाराच्या आत त्यासाठी जागा असते, बाहेर गारठून लाकूड होतील. "बाहेरचे बूट बाहेर," म्हणाले. विषय संपला.

हे बूट प्रकरण समजायला भुसावळ समजायला हवं. गाडी चालवणाऱ्यांना ड्यूटीची ठरलेली वेळ नसायची. गाडी तयार झाली की इंजिनांच्या शेडमधून कॉलबॉय यायचा. नावाला बॉय, आमचे शिंदेकाका चांगले पन्नाशीचे होते. हातात काठी. फाटकाच्या लोखंडी दांड्यावर काठी वाजवायची आणि सांगायचं, अमुक गाडी, अमुक ठिकाणी, चला. म्हणून बाबांचे बूट कायम ओट्यावर, तोंडं रस्त्याकडे. पाय घातला की निघाले. इतर लोक सणासुदीला सिकमध्ये जायचे, आजारी म्हणून सुट्टी टाकायचे. बाबा कधीच नाही. दिवाळी असो, माझा ताप असो, काठी वाजली की हा माणूस उभा. आई दारापर्यंत जायची. 'जातो' म्हणू द्यायची नाही. 'येतो म्हणा' म्हणायची, आणि बाबा 'येतो' म्हणाले की ती म्हणायची, 'या.'

मी बारावीत असताना एका दुपारी अशीच काठी वाजली. सकाळपासून आईच्या छातीत दुखत होतं. गॅस झालाय म्हणत होती. बाबा 'येतो' म्हणून बडनेऱ्याकडे गाडी घेऊन गेले, आणि आई त्या संध्याकाळी गेली. बाबा परतले तेव्हा अंगणात माणसं त्यांचीच वाट बघत बसली होती. ते बूट न काढता ओट्याखाली उभे राहिले. मी त्यांना काही बोलले नाही. पण ह्या माणसाला घरापेक्षा गाडी मोठी, हे जे माझ्या मनात बसलं, ते पुढे कॅनडापर्यंत माझ्यासोबत आलं. त्यांना इथे आणलं ते काळजीने आणलं, हे खरंच. पण त्यात थोडा हट्टही होता. आता तरी माझ्या घरात, माझ्या डोळ्यांसमोर बसा.

ऑक्टोबर बरा गेला. बाबा मागच्या वाटेवर फेरी मारून यायचे आणि चढ केवढा आहे, वळण कसं आहे, ते अभयला सांगायचे. मला वाटलं, रुळले. मग नोव्हेंबर आला, घड्याळं मागे गेली, आणि चहाच्या वेळेलाच अंधार पडायला लागला.

एक दिवस मी कामावरून येऊन खिचडी टाकत होते. अभय यायचा होता. तेवढ्यात बाहेर ठोकल्याचा आवाज आला. लाकडावर लाकूड. आणि दारावर नाही, व्हरांड्याच्या खांबावर. घाई नाही, राग नाही. आतला माणूस येणारच आहे हे ज्याला ठाऊक असतं, त्याचं ठोकणं. मी दार उघडलं. कुणी नाही. पायऱ्यांवरच्या बर्फात माझ्याच येतानाच्या पाऊलखुणा, दुसरी एकही नाही. थंडीने लाकूड तडकलं असेल म्हणून मी वळले, तर मागे बाबा उभे. स्वेटर, मफलर, कानटोपी, सगळं चढवून.

"कॉल आहे," ते म्हणाले. दूधवाला आलाय म्हणावं तसं.

मी घाबरले. भुताची भीती नव्हती ती... मला वाटलं, बाबांचं डोकं चाललं. म्हातारी माणसं संध्याकाळी कशी गोंधळतात ते मला माहीत आहे. मी त्यांचा हात धरला आणि हळू आवाजात समजावलं की बाबा, तुम्ही रिटायर झालात, आपण कॅनडात आहोत. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच वेडी. कॅनडात आहोत ते ठाऊक आहे म्हणाले. पण कॉल आहे. मी दार लावून घेतलं. ते बराच वेळ तसेच टोपी घालून बसून राहिले.

मग हे वरचेवर व्हायला लागलं. अंधार पडता पडता खांबावर काठी. अभयनेही ऐकलं. तो पक्का इंजिनिअर. त्याने व्हरांड्यात माणूस आला की आपोआप लागणारा दिवा बसवला. काठी वाजायची, दिवा लागायचा नाही. मांजर गेलं तरी तोच दिवा झक्क लागायचा. अभयने दिवा दोनदा बदलला आणि मग त्याबद्दल बोलायचं सोडून दिलं. बाबांना मी डॉक्टरकडे नेलं. त्याने मेमरी टेस्ट घेतली. तारीख, वार, उलटे आकडे, पंतप्रधान... बाबांनी इथला सांगितला, तिथला सांगितला आणि डॉक्टरला विचारलं, आणखी कुठला हवाय? डॉक्टर हसत म्हणाला, ह्यांची मेमरी तुमच्या-माझ्यापेक्षा बरी आहे. मला हसायला आलं नाही.

आमच्या शेजारी डोरीन म्हणून बाई राहायच्या. ऐंशी पार केलेल्या, ह्याच ओळीत जन्मलेल्या. त्यांचे वडील त्या लाकडाच्या रेल्वेवर ड्रायव्हर होते. बाई प्रेमळ. एका शनिवारी केळ्याचा ब्रेड घेऊन आल्या. मी खिडकीतून बघत होते. पायरीवर पाय ठेवला आणि त्यांचं लक्ष बाबांच्या बुटांकडे गेलं. तिथेच थांबल्या. मी दार उघडलं तर विचारलं, हे कुणाचे? मी सांगितलं, माझ्या वडिलांचे. बाईंचा चेहरा पांढरा पडला होता, आणि गोरीचा चेहरा पांढरा पडला म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. "आत घे," म्हणाल्या. "नाहीतर निदान फिरव तरी. तोंडं दाराकडे कर." ब्रेड माझ्या हातात कोंबला आणि चहा न घेता निघून गेल्या.

मला रागच आला. आमच्या बुटांशी हिला काय करायचंय! दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे जाऊन थडकलेच. त्यांनी बसवलं, चहा केला, आणि मग सांगितलं.

त्यांच्या लहानपणी इंजिन रोमध्येही गाडी तयार झाली की बोलवायला माणूस यायचा. लंगडा होता, हातात काठी. थंडीत दारं उघडायला लागू नयेत म्हणून ह्या लोकांनी एक रीत पाडली होती. ज्याला ड्यूटीवर जाता येईल त्याने बूट व्हरांड्यात ठेवायचे, तोंडं रस्त्याकडे. आजारी असेल, जाता येणार नसेल, तर तोंडं दाराकडे. रस्त्याकडे तोंडं असतील तिथेच तो खांबावर काठी वाजवायचा. बाकी घरं सोडून पुढे जायचा. कुणी कुणाला कारण विचारायचं नाही.

एका हिवाळ्यात बर्फ थांबेचना. वर कॅम्पमध्ये माणसं अडकली. डोंगराची ती बाजू कधी सुटून खाली येईल ह्याचा नेम नव्हता. गाडी पाठवून सगळ्यांना खाली आणायचं ठरलं, इंजिन तापवून उभं केलं, आणि दिवस मावळताना तो लंगडा माणूस ओळीतून निघाला. सगळ्या घरांपुढच्या बुटांची तोंडं दाराकडे होती. सगळ्या. डोंगर सगळ्यांनाच माहीत होता. तो ओळीच्या टोकापर्यंत गेला, परत आला, पुन्हा एकदा गेला. मग एकटाच रुळांवरून वर चालत निघाला. त्यानंतर डोंगर खाली आला. वरचं कुणी परतलं नाही, तोही नाही.

"आमचे बूट माझ्या आईने फिरवले," डोरीनबाई म्हणाल्या. "माझे वडील झोपले होते. त्यांना माहीतही नव्हतं. मला वडील मिळाले, आणि त्या माणसांना ड्रायव्हर मिळाला नाही."

मी विचारलं, तुम्हाला ती काठी ऐकू येते का? म्हणाल्या, नाही. इतक्या वर्षांत नाही, कारण त्यानंतर ह्या ओळीत कुणी बूट बाहेर ठेवलेच नाहीत. जुने लोक ठेवेनात, आणि नवे आले त्यांना तर बूट आतच काढायची सवय. आमच्यासारखे, बाहेरचे बूट बाहेर म्हणणारे, तिथे पहिल्यांदाच आले होते.

घरी येताना मी स्वतःलाच दहा वेळा बजावलं की ह्या सगळ्याला काही अर्थ नाही. आणि अंधार पडायच्या आत बाबांचे बूट फिरवून ठेवले. तोंडं दाराकडे.

त्या संध्याकाळी काठी वाजली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मग मी रोजच फिरवायला लागले. सकाळी बाबा फेरीला जायचे, येऊन आपल्या पद्धतीने ठेवायचे, आणि चहाच्या आधी मी जाऊन फिरवायची. बाबा बघायचे. अभय मला चिडवायचा, लॅबवाली बाई आता बुटांची पूजा करते. मी म्हटलं, चालेल. घर शांत आहे ना!

घर शांत होतं, पण बाबा मावळायला लागले. जेवण अर्ध्यावर आलं. बर्फ वाढल्यावर फेरी बंद झाली, तरी सकाळी दारात जाऊन बूट आपल्या पद्धतीने ठेवायचेच. मी बूट तळव्यांपर्यंत पुसून ठेवले, पण ठेवले बाहेरच, त्यावर ते ऐकेनात. दिवसभर मागच्या खिडकीशी बसून त्या वाटेकडे बघायचे. रिपोर्ट सगळे नॉर्मल. आणि एक दिवस, मी त्यांची नखं कापत होते तेव्हा, म्हणाले, "छाया, वर माणसं आहेत."

कुठे वर, मी विचारलं.

म्हणाले, इंजिन तापून उभं आहे, ड्रायव्हर नाही म्हणून खोळंबलंय. मी त्यांना डोरीनबाईंची गोष्ट सांगितलेली नव्हती. अभयलाही बजावलं होतं. डोरीनबाईंना नंतर विचारलं तर त्या देवाशपथ नाही म्हणाल्या. मी बाबांना विचारलं, तुम्हाला कुणी सांगितलं हे? त्यांना माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं. कॉल देणारा सांगतोच की, म्हणाले. कुठली गाडी, काय काम, हे सांगितल्याशिवाय कुणी कॉल देतं का?

मी स्पष्ट सांगितलं, तुम्ही कुठेही जायचं नाही. "बरं," म्हणाले. आणि दुसरा हात पुढे केला.

डिसेंबरातला तो रविवार. सकाळपासून बर्फ पडत होता, असा की समोरचं घर दिसेना. अभय खाली बेसमेंटमध्ये घर गरम करणाऱ्या फर्नेसशी झटापट करत होता. बाबा पुढच्या खोलीत त्यांच्या खुर्चीत, अंगावर शाल, पायांत मी विणलेले मोजे. मी चहा दिला. उजेड जात चालला होता. बूट मी फिरवून आले होते.

"छाया," बाबा म्हणाले, "आज बूट सरळ कर माय."

माझं डोकंच फिरलं. इतक्या वर्षांचं साचलेलं सगळं बाहेर पडलं. मी म्हटलं, आई आत तळमळत होती तेव्हा निघून गेलात, आता मला टाकून जायचंय? कधीतरी कुणासाठी तरी थांबा ना बाबा. आवाज चढला होता माझा. रडत होते मी.

बाबांनी ऐकून घेतलं. मग त्यांनी माझ्याशी त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात लांब बोलणं केलं.

"तुझ्या आईला विचारलं होतं मी. नको जाऊ का, म्हटलं. ती म्हणाली, तिकडे माणसं तुमच्यासाठी खोळंबली असतील, जा, पण येतो म्हणा. मी येतो म्हटलं. वेळेवर आलो नाही. ते माझ्याकडून राहिलं, माय. ते राहिलंच." थोडा दम घेतला. "पण ह्या लोकांकडे तर कुणी गेलंच नाही गं."

आईने त्यांना जा म्हटलं होतं, हे मला माहीत नव्हतं. मी जवळपास तीस वर्षं एका बाजूचंच धरून बसले होते. बाबांच्या तोंडाकडे पाहवेना. वाळून गेला होता तो माणूस. मी रोज बूट फिरवून त्यांना घरात ठेवलं होतं खरं, पण घरात होतं तरी किती त्यांचं?

आणि हेही सांगते... मी बूट सरळ केले ते विश्वास बसला म्हणून नाही. उलट विश्वास नव्हता म्हणूनच केले. म्हटलं, म्हातारा माणूस खुर्चीत बसलाय, पायांत मोजे आहेत, दाराला कुलूप आहे. बुटांची तोंडं फिरवली म्हणून काय होणार आहे? त्यांच्या मनाला बरं वाटेल. मी स्लिपर घालून बाहेर गेले. व्हरांड्यातही वाऱ्याने बर्फ आला होता. बूट उचलले, रस्त्याकडे तोंडं करून ठेवले, आत आले, कुलूप लावलं.

"केले सरळ," मी म्हटलं. "झालं समाधान?"

बाबा हसले. किती दिवसांनी हसले. खुर्चीत मागे टेकले आणि म्हणाले, "येतो गं."

आणि माझ्या तोंडातून, मी न ठरवता, आईचाच शब्द गेला. "या."

त्यावर खांबावर काठी वाजली. नेहमीसारखीच, शांतपणे. अभय बेसमेंटच्या जिन्यात होता, त्यानेही ऐकली. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. दार उघडलं नाही. बाबांचे डोळे मिटले होते, श्वास संथ चालला होता. मी शाल वर ओढली. झोपले, बरं झालं, म्हणून स्वयंपाकाला लागले. स्वयंपाकघर आणि ती खोली यांच्यामध्ये भिंत नाही. पोळ्या लाटताना मी मधून मधून मान वळवून बघत होते. ते खुर्चीतच होते. एकदाही उठले नाहीत. दार एकदाही उघडलं नाही. हे मी कुणासमोरही सांगेन.

पानं घेतली आणि हाक मारली. बाबा उठले नाहीत. हात गार पडला होता. मोज्यांतले पायसुद्धा थंडगार.

पुढचं मला तुटक तुटक आठवतं. अभयने फोन केला. अँब्युलन्स निघाली, पण बर्फामुळे वेळ लागणार म्हणाले. त्यांना वर यायला वाट हवी म्हणून तो बर्फ उपसायचं फावडं घेऊन बाहेर गेला, आणि दारातूनच मला हाक मारली. आवाज वेगळा होता. मी गेले.

पायऱ्यांवर नवा बर्फ पसरलेला, गुळगुळीत, एक खूण नाही. व्हरांड्यात माझ्या स्लिपरचे ठसे, अर्धे बुजलेले. त्याशिवाय काही नाही. आणि दारापाशी बाबांचे बूट, नीट, जोडीने. तोंडं दाराकडे.

अभय बुटांना हात लावेना. मी खाली बसले. सगळीकडे बर्फ साचला होता, बुटांवर नव्हता. नुसते ओले होते. मी आत हात घातला.

ऊब होती. नुकतेच पायांतून काढावेत, तशी ऊब.

तळव्यांच्या खाचांत काळी कच भरली होती. तिचा वास ओळखायला मला वेळ लागला नाही. लहानपणी बाबा दमून यायचे आणि मी ओट्यावर धावत जायची, तो वास. कोळशाचा, वाफेचा, तेलाचा. मी ते बूट पोटाशी धरून बसले. अँब्युलन्स आली तेव्हाही तशीच बसले होते म्हणे.

झोपेत हृदय थांबलं, त्रास झाला नाही, असं डॉक्टरने सांगितलं. अंत्यविधीला डोरीनबाई काठी टेकत आल्या. मला जवळ घेतलं आणि एकच विचारलं, बुटांची तोंडं कुणीकडे होती? मी म्हटलं, दाराकडे. आणि आतून गरम होते, हेही सांगितलं. त्या बाईंनी डोळे मिटून घेतले. "मग वरून उतरले सगळे," म्हणाल्या. आणि लहान मुलीसारख्या रडायला लागल्या. त्यांच्या आईचं नाव घेऊन काहीतरी पुटपुटत होत्या, ते मला नीट कळलं नाही.

आम्ही त्या घरात उन्हाळ्यापर्यंत होतो. मी बाबांचे बूट मुद्दाम, हट्टाने, रोज संध्याकाळी बाहेर ठेवले. तोंडं रस्त्याकडे. अख्ख्या हिवाळ्यात काठी पुन्हा कधी वाजली नाही.

अभयकडे उत्तरं आहेत. तो म्हणतो, त्या वाटेवर जुन्या इंजिनांची राख अजूनही मातीत असणार, तीच बुटांना लागली. असेल. मी ती कच लॅबमध्ये मायक्रोस्कोपखाली पाहिली. जळालेला दगडी कोळसाच आहे. पण वाट कितीतरी दिवस बर्फाखाली होती, आणि ते तळवे मी माझ्या हाताने पुसले होते. तो म्हणतो, तूच गडबडीत बूट उलटे ठेवले असशील. बरं, तेही असेल. उबेचं काय, असं विचारलं की मात्र तो चहा टाकायला उठतो. स्लाइडवर ऊब दिसत नाही.

आता आम्ही परत कोक्विटलामला आलो आहोत. बूट आमच्या काँडोत, म्हणजे फ्लॅटमध्ये, दाराच्या आत आहेत, तोंडं घराकडे. कुणी विचारलं की तू तिथे भूत पाहिलंस का, तर मी नाही म्हणते, कारण खरंच नाही पाहिलं. मला एवढंच ठाऊक आहे की आईला 'येतो' म्हणून बाबा वेळेवर आले नव्हते. मला 'येतो' म्हणाले, आणि आले. घरी येऊन त्यांनी बूट काढून ठेवले होते.